वसईहून लिस्बनला: आप्पा, अठ्ठावीस नंबर आणि उपवासाचा बटाटा

"लिस्बनला जाताय तर आमच्या अंतोनीला भेटून या," असं शेजारच्या मावशी म्हणाल्या तेव्हा आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं, त्यांचा कुणी भाचा तिकडे नोकरीला असेल. मावशी बोलत होत्या ते संत अंतोनींबद्दल. जग त्यांना इटलीतल्या पदुआचे म्हणून ओळखतं, पण जन्म लिस्बनचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. हरवलेली वस्तू शोधून देणारा हा संत. मावशींची चष्म्याची डबी, गॅसचं पुस्तक, एकदा तर चुकलेली शेळीसुद्धा त्यांनीच आणून दिली आहे म्हणे. "एक मेणबत्ती लावा आणि एक पदक आणा," एवढंच काम होतं.

आमच्या ओळखीतले सगळे युरोपला जातात म्हणजे पॅरिस आणि स्वित्झर्लंडला जातात. आम्ही लिस्बन ठरवलं ते आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे सासरे, एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ज्यांनी आपल्या दारात एवढा किल्ला बांधला, त्यांचं घर तरी बघून येऊ." वसईचा किल्ला आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं आम्ही शाळेत पाठ केली, सहलीला त्या पडक्या चर्चांमध्ये डबे खाल्ले, आणि मुलांनी तिथे क्रिकेट खेळून घेतलं. यापलीकडे पोर्तुगीज म्हणजे काय, ते कुणाला ठाऊक होतं!

शनिवार, ८ जून

दुबईला विमान बदलून दुपारी पोचलो. घड्याळ साडेचार तास मागे गेलं, म्हणजे पोट जेवून बसलेलं आणि शहर जेवायला निघालेलं. भाड्याने घेतलेलं घर फोटोत फार देखणं होतं. फोटोत जिना नव्हता. प्रत्यक्षात चौसष्ट पायऱ्या, त्याही लाकडी आणि अरुंद. आईंनी त्या मोजल्या, पुढचे पाच दिवस रोज मोजल्या, आणि रोज तेवढ्याच भरल्याचं जाहीर केलं.

लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि आईंचे गुडघे घेऊन चालणं वेगळं. त्यात फुटपाथ. पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसॉल्टचे सुपारीएवढे, मुठीएवढे तुकडे हाताने बसवून त्यांची नक्षी केलेली. लाटा, जहाजं, फुलं. दिसायला रांगोळी आणि चालायला शेवाळलेला विहिरीचा काठ. वर्षानुवर्षं पायांनी घासून ते दगड आरशासारखे झालेत. आईंची सॅण्डल पहिल्याच उतारावर घसरली आणि आमची पहिली खरेदी रबरी तळव्याचे बूट ही झाली.

संध्याकाळी खालच्या सपाट भागात, बायशात गेलो. इथे रस्ते एकदम सरळ, काटकोनात, इमारती एका उंचीच्या. वरच्या टेकड्यांवर गल्ल्यांचा गुंता आणि खाली ही चौकटीची वही, असं का? उत्तर एकाच सकाळचं आहे. १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, माणसं चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊच्या सुमाराला भूकंप झाला. वाचलेले लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर थोड्या वेळाने तिथे समुद्राची लाट आली. आणि उरलेल्याला त्या मेणबत्त्यांची आग. नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने हा भाग नव्याने बांधून घेतला. भिंतींच्या पोटात लाकडाचे आडवे-तिरपे सांगाडे घातले. ते भूकंपात टिकतात का, हे बघायला नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत फिरवलं, असं सांगतात. आप्पांना हे फार आवडलं. "आमच्याकडे पूल बांधला की त्यावर आधी रिकामी गाडी न्यायचे. माणसं मागून."

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट १९०२ सालची. पंचेचाळीस मीटर वर नेते आणि वरच्या गल्लीत सोडते. रांग लांब होती, पण गुडघ्यांनी मत दिलं आणि आम्ही उभे राहिलो. वर कार्मोचा मठ आहे. त्याला छप्पर नाही. भूकंपात पडलं, पुढे कुणी पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या, त्यांच्यातून आकाश, खाली हिरवळ. धाकटा आत शिरला, मान वर केली आणि म्हणाला, "हे तर आपल्या किल्ल्यातलं आहे." खरंच, वसईच्या फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये उभं राहिल्यावर दिसतं तेच. फक्त पिंपळ नव्हता.

रविवार, ९ जून

आजचा दिवस आप्पांचा. लिस्बनची अठ्ठावीस नंबरची ट्राम. एकच डबा, पिवळा, आत लाकडी बाकं आणि पितळी दांडे. डबे १९३० च्या दशकातले, पुढे यंत्र बदलून पुन्हा रुळावर आणलेले. मार्तीं मोनीझ चौकातून निघते आणि अल्फामाच्या गल्ल्यांतून अशी जाते की खिडकीतून हात काढला तर कुणाच्या तरी दारावरची घंटी वाजेल. दर मीटरला चार सूचना लावल्यात, खिसेकापूंपासून सावध. नवऱ्याने पाकीट बनियनच्या आत ठेवलं आणि तिकिटाच्या वेळी सगळ्या रांगेसमोर ते काढलं.

आप्पा ड्रायव्हरच्या मागेच उभे राहिले. बसायला जागा मिळाली तरी बसले नाहीत. शंभर मीटरला तेरा मीटरहून जास्त चढ आहे काही ठिकाणी, आणि दातेरी रूळ नाही, नुसतं लोखंडावर लोखंड. चाक घसरू नये म्हणून रुळावर वाळू सोडतात. एका वळणावर एकच रूळ, समोरून येणारी ट्राम सिग्नलला थांबलेली, आणि मध्ये एक शहाणा अर्धी गाडी रुळावर ठेवून कॉफी प्यायला गेलेला. आमच्या ड्रायव्हरणीने, हो, बाई होती, घंटा वाजवली. मग पुन्हा वाजवली. मग हात बाहेर काढून जे बोलली त्याचं भाषांतर आप्पांनी न विचारता केलं. "आपल्याकडचंच."

उतरल्यावर त्यांनी निकाल दिला. "बाई कसारा घाटात गाडी घालेल. पण हॉर्न हलका आहे."

अल्फामा हा भूकंपात बराचसा वाचलेला जुना भाग. गल्ल्यांना कागदी झालरी लागलेल्या, दारोदार लोखंडी शेगड्या मांडलेल्या, कारण जून महिना म्हणजे इथे संत अंतोनींचा महिना, बाराच्या रात्री मोठी जत्रा. दोरीवर वाळणाऱ्या चादरी थेट डोक्यावर. आई एका खिडकीखाली थांबल्या. चौकटीत छोटी कुंडी, तिच्यात चेंडूसारखं गोल वाढलेलं बारीक पानांचं झाड, आणि त्यात खोवलेलं एक कागदी फूल.

"तुळस," आई म्हणाल्या.

तुळस नव्हती, पण तिची सख्खी चुलत बहीण. मांजेरिको. बेसिलची बारीक पानांची जात. या सणाला ती कुंडी आवडत्या माणसाला देतात, सोबत कागदी फूल आणि चार ओळींची चारोळी. घरमालकीणबाई खिडकीत आल्या. आईंनी वाकून वास घ्यायला नाक पुढे केलं तशा त्या एकदम हात हलवून नको नको म्हणाल्या. मग त्यांनीच दाखवलं: झाडावरून तळहात अलगद फिरवायचा आणि वास हाताचा घ्यायचा. नाक लावलं तर झाड सुकतं, असं इथे मानतात. आईंनी तसं केलं. दोघी बायका एकही शब्द न समजता बराच वेळ बोलत उभ्या होत्या. आमच्याकडे रविवारी तुळस तोडत नाहीत, हेही आईंनी त्यांना मराठीत सांगितलं.

किल्ला वरच आहे, साओ जॉर्ज. इथे पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो एन्रिकेश याचा पुतळा. ११४७ साली त्याने हे शहर मूरांकडून घेतलं. थोरलीला शाळेत शिकवलेलं की हापूस हे नाव आलं अफोंसो द आल्बुकेर्क या गोवा घेणाऱ्याच्या नावावरून. तिने ते धाकट्याला सांगायची चूक केली. त्यानंतर तो राजा आमच्या घरात "पहिला हापूस" झाला, आणि गोवेवाला "देवगड".

खाली कॅथेड्रलच्या घंटा वाजल्या तेव्हा आईंचे हात आपोआप जोडले गेले. मग स्वतःच हसल्या. "भीमाशंकरची वाजते ना, तशीच वाजली." वाजणारच. वसई घेतल्यावर मराठ्यांनी तिथल्या चर्चांच्या घंटा नेल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल कोरलेलं आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१, मेणवलीच्या घंटेवर १७०७. कानाला सवय तिकडची आहे, आपण म्हणतो इकडची.

संत अंतोनींचं चर्च कॅथेड्रलच्या अगदी पायाशी आहे. आत प्रार्थना चालू होती, दारापर्यंत माणसं. आप्पा म्हणाले, गर्दीत देवाचं काम करू नये, बुधवारी येऊ.

सोमवार, १० जून

आज आमची फजिती. बेलेंला गेलो, म्हणजे जिथून वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला निघाला ती जागा. पंधरा नंबरच्या ट्राममध्ये चेंगरून, टोप्या-छत्र्या-पाण्याच्या बाटल्यांसह. जेरोनिमोस मठाच्या दाराशी उभे राहिलो तर दार बंद. सोमवारी बंद असतो. बेलेंचा बुरूजही बंद. त्यात १० जून म्हणजे त्यांचा राष्ट्रीय दिवस. कामोंइश या कवीची पुण्यतिथी. मला हे कौतुकास्पद वाटलं की एका देशाने आपला राष्ट्रीय दिवस लढाईचा न ठेवता कवीच्या मृत्यूचा ठेवला. नवऱ्याला वाटलं की मी आदल्या रात्री फोनवर वेळा बघायला हव्या होत्या. दोन्ही खरं.

मग जगप्रसिद्ध दुकानाच्या रांगेत लागलो. पाश्तेल म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गोड सारण, वरून करपलेलं. हे दुकान १८३७ पासूनचं, कृती मठातल्या साधूंची. मठात कपड्यांना खळ घालायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा, मग उरलेल्या बलकाचं काय करायचं, तर मिठाई. गोव्याच्या बेबिंकमध्ये बलकांचा जो पूर येतो त्याचं मूळ मला इथे कळलं. गरम वाटी, वरून दालचिनीची पूड, आणि पहिल्या घासाला होणारा तो कुरकुरीत आवाज. मुलांनी प्रत्येकी चार खाल्ल्या. आप्पांनी किती खाल्ल्या ते त्यांच्या साखरेच्या गोळीला ठाऊक.

आईंचा सोमवार. अंडं तर नाहीच, पण पावसुद्धा नाही. डब्यातले राजगिऱ्याचे लाडू शनिवारीच संपलेले. बाजूच्या साध्या खाणावळीत बसलो. वेटर वयस्कर होता, इंग्रजी त्याला आमच्याइतकंच. आम्ही सगळे फोनमध्ये शब्द शोधतोय तोवर आईंनी त्याच्याकडे बघून, हाताने गोल आकार करून, ठणठणीत वसईच्या मराठीत विचारलं, "बटाटा आहे का? उकडलेला?"

"बताता!" तो म्हणाला. "सीं, सीं. बताता."

पाच मिनिटांत उकडलेल्या बटाट्यांची परात आली, वर ऑलिव्हचं तेल. आईंनी पर्समधून सैंधवाची पुडी काढली.

आता थोरलीला गप्प बसवेना. बटाटा पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणला, दक्षिण अमेरिकेतून. शेंगदाणाही तिकडचा. मिरचीही. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंदही. म्हणजे आजीच्या उपवासाचं अख्खं ताट याच लोकांच्या जहाजांतून आलेलं. उपवासाला परधर्माचं चालतं का, असा तिचा थेट प्रश्न होता. आईंनी दुसरा बटाटा सोलला. "महादेवाने कधी तक्रार केली नाही. तू कशाला करतेस?"

त्या दुपारपासून थोरलीने वहीत शब्द लिहायला घेतले. पाव ते नाकातून म्हणतात, पण पावच. चावी शाव, साबण सबांव, कोबी कोव्ह, अननस अननश. खमीस कमीझा, बादली बाल्द, पिंप पीपा, फीत फीता, मेस्त्री मेश्त्र. लिलाव लेइलांव. नाताळ नाताल. चहाला शा म्हणतात, हा मात्र त्यांनी चीनकडून घेतलेला. पण सगळ्यात मोठा शब्द आप्पांनी शोधला. पार्किंगच्या यंत्रावर मोठ्या अक्षरांत एक पाटी होती. ती त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली, "पगार. अकी." पगार म्हणजे पैसे देणे, अकी म्हणजे इथे. निवृत्त एसटी कर्मचाऱ्याने त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि डेपोच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सत्तावीस हात जोडलेले.

बुरूज बाहेरूनच पाहिला, पण त्यातही एक गोष्ट हाती लागली. एका छोट्या मनोऱ्याच्या तळाशी दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. आता पार झिजलंय, सांगितल्याशिवाय कळत नाही. हा गेंडा गुजरातचा. आल्बुकेर्कने गुजरातच्या सुलतानाकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतान मुझफ्फरशाहाने परवानगी नाकारली आणि भेट म्हणून गेंडा दिला. गेंड्याचं काय करायचं हे आल्बुकेर्कला कळेना, म्हणून गोव्याहून जहाजात घालून राजाकडे पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेलं जनावर २० मेला इथे उतरलं. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने त्याची आणि हत्तीची झुंज लावली, तर हत्तीच पळाला. मग पोपला नजराणा म्हणून तो इटलीकडे रवाना झाला आणि जहाज वादळात बुडालं. साखळदंडात होता, पोहता आलं नाही. जर्मनीतल्या ड्यूररने हे जनावर न बघताच, कुणाच्या वर्णनावरून, त्याचं चित्र काढलं, पाठीवर एक जास्तीचं शिंगही दिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तेच वाटत राहिलं. धाकटा त्या झिजलेल्या दगडाकडे बघत बराच वेळ उभा होता. "त्याला परत का नाही पाठवला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

शोधयात्रींचं स्मारक शेजारीच आहे, जहाजाच्या नाळेसारखं, पन्नास मीटरहून उंच. १९६० सालचं, हुकूमशहा सालाझारच्या काळातलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा गेला. स्मारकासमोर जमिनीवर संगमरवरी नकाशा आहे, जहाजं कुठे कधी पोचली त्याची सालं घालून. आमची मुलं अरबी समुद्रात उभी राहिली. वसई जिथे असायला हवी तिथे एक उन्हाने लाल झालेले गृहस्थ बसून सँडविच खात होते. आप्पांनी त्यांना उठवलं नाही.

मंगळवार, ११ जून

पुन्हा बेलें. या वेळी उघडं. मठ १५०१ मध्ये सुरू झाला, पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या कराचा. दगड चुनखडीचा आणि काम असं की कापलंय की विणलंय कळत नाही. जहाजाचे दोर, गाठी, शिंपले, पोवळी, सगळं दगडात. अंगणाभोवतीच्या दुमजली ओवऱ्यांतून फिरताना मला सारखं वाटत होतं की हे मिरीच्या भावाने उभं राहिलंय. केरळच्या वेलीवरची मिरी इथे खांब होऊन उभी आहे.

चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कामोंइश. गामा मेला कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. अवशेष इथे आले ते १८८० मध्ये. दगडी गामा उताणा, छातीवर हात जोडून झोपलेला. खाली सिंह, बाजूला कोरलेलं जहाज.

"नमस्कार करतोय," आई म्हणाल्या.

थोरली वहीतून बघून म्हणाली की याच माणसाने १५०२ मध्ये हजहून परतणारं जहाज जाळलं होतं, बायका-मुलांसकट. मागे गाईड इंग्रजीत मोठ्याने धैर्य, वारे, तारे सांगत होता. जहाजाचं काही बोलला नाही. आप्पा त्या समाधीला पूर्ण प्रदक्षिणा घालू बघत होते, पण मागे दोरी होती. म्हणाले, "कारागीर चांगला मिळाला याला." आणि बाहेर जाऊन बसले.

दुपार धाकट्याला कबूल केलेली. मत्स्यालयात गेलो, १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. मधली टाकी पन्नास लाख लिटरची आणि तीत भाकरीसारखा चपटा, शेपूटच नसलेला सूर्यमासा. मासा बघून आप्पांनी एकच प्रश्न विचारला, जो आमच्या पट्ट्यात कुठल्याही माशाबद्दल विचारतात. नाही, बहुतेक चांगला लागत नाही. पलीकडे तेजो नदीवरचा वास्को द गामा पूल दिसतो, सतरा किलोमीटरचा. "आपला अटल सेतू पावणेबावीस," आप्पा म्हणाले, आणि पुलाचा विषय संपला. सिंट्राचे राजवाडे आज जमले असते, ते राहिलेच. पाय बोलत होते.

बुधवार, १२ जून

सकाळी मार्तीं मोनीझच्या मागच्या गल्ल्यांत. इथे आपल्याकडची दुकानं: डाळी, कढीपत्ता, प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा. दुकानदार बहुतेक बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी. आईंना आलं-वेलचीचा चहा मिळाला आणि त्यांचा चेहरा चार दिवसांनी पहिल्यांदा जागेवर आला. समोरच्या पोर्तुगीज कॅफेत, काचेमागे पाश्तेलच्या शेजारी, सामोसे. पाटी होती "शामुसा". ती काही देशी दुकानापुरती नाही. इथल्या कुठल्याही कॅफेत शामुसा मिळतो, गोवा आणि मोझांबिकच्या वाटेने आलेला, वडापावाइतका रुळलेला. गोव्याच्या वाटेने आलेल्या घराण्यातला एक माणूस तर २०१५ ते २०२४ इथला पंतप्रधान होता. आंतोनियो कोस्ता. घरचं लाडाचं नाव बाबूश. अंतोनी इथे सगळीकडे आहे.

आमचा अंतोनी मात्र आज सापडणं कठीण होतं. चर्चकडे जाणारा रस्ता गर्दीने बंद, आणि कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर नवऱ्या मुली. एक नाही, ओळीने. आज शहराची महापालिका सोळा जोडप्यांची लग्नं लावून देते, अंतोनींची लग्नं म्हणून. १९५८ पासूनची प्रथा, मध्ये बरीच वर्षं बंद होती. पोशाख, फुलं, जेवण सगळं पालिकेकडून. आईंना याचं नवल वाटलं नाही, आपल्याकडे सामुदायिक विवाह होतातच. नवल वाटलं ते नवऱ्या मुली भर रस्त्यात आपला झगा उचलून त्या घसरड्या दगडांवरून टाचांच्या बुटांत धावत होत्या याचं. "आणि मी चार दिवस रबरी बूट घालून."

तासाभराने चर्चमध्ये शिरलो. तळघरात छोटी खोली आहे, तिथे त्यांचा जन्म झाला असं मानतात. मेणबत्ती आईंनी लावली. मी शेजारी उभी होते म्हणून ऐकू आलं. मावशींच्या गुडघ्यांसाठी मागितलं त्यांनी, मग थोडं थांबून स्वतःच्याही. बाहेर पदक घेतलं, सोबत संतांचं चित्र. आप्पांनी दोन्ही खिशात ठेवलं, कारण माझी पर्स त्यांच्या मते खिसेकापूंसाठीच शिवलेली आहे.

रात्र अल्फामात. असा धूर मी कोळीवाड्यातसुद्धा पाहिलेला नाही. दारोदार शेगड्या, त्यांवर अख्ख्या तारल्या, नुसत्या जाड्या मिठातल्या, साफसुद्धा न केलेल्या. त्या पावाच्या तुकड्यावर ठेवून देतात, माशाचं तेल पावात मुरतं, आणि शेवटी तो पाव खायचा. आप्पांनी सहा खाल्ल्या आणि सांगितलं की हळद लावली असती तर आणखी दोन गेल्या असत्या. गाणी कर्णकर्कश होती, आपल्या गणपतीतल्यासारखी, आणि तितकीच पाठ होणारी. हळवी फादो गाणी ऐकायची राहिली, पण त्या रात्री लिस्बनमध्ये हळवं कुणीच नव्हतं. रात्री बारा वाजता कुठल्यातरी अनोळखी आजीबाईंनी धाकट्याला हात धरून नाचायला ओढलं, आणि तो, जो शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यामागे लपतो, नाचला.

आईंनी मांजेरिकोची कुंडी विकत घेतली. विमानातून नेता येणार नाही हे सगळ्यांनी सांगितलं. त्यांनाही माहीत होतं.

गुरुवार, १३ जून

पहाटेचं निघणं. रस्त्यावर झाडूवाले, ओल्या दगडांवर माशांची डोकी आणि कागदी झालरी. कुंडी आईंनी खिडकीत ठेवली, पेलाभर पाणी घातलं, आणि घरमालकासाठी चिठ्ठी लिहायला लावली की नाक लावू नये.

चौसष्ट पायऱ्या भरल्या.

वसईला पोचल्यावर पदक सापडेना. सगळ्या बॅगा उलट्या केल्या, आप्पांचे सगळे खिसे बघितले, एकमेकांवर संशय घेऊन झाला. दोन दिवस मावशींना तोंड दाखवायची सोय नव्हती. शेवटी आईच जाऊन सांगून आल्या. मावशी शांतपणे म्हणाल्या, "थांब, मी त्यालाच सांगते."

तिसऱ्या दिवशी मशीनमधून धुतलेल्या कपड्यांचा पिळा काढताना आप्पांच्या खमिसाच्या आतल्या खिशात ते हाताला लागलं. चित्राचा लगदा झाला होता. पदक मात्र लखलखीत.